सहा हजार तासांचा ट्रॅक्टर घ्यावा का?

२०१६ च्या उन्हाळ्यात मी पहिला जुना ट्रॅक्टर घेतला. मीटरवर ३,१०० तास, रंग कोरा करकरीत, बॉनेटला झेंडूचा हार. विकणारा म्हणाला, "दाजी, नवरी हाय, डोळे झाकून न्या." मी खरंच डोळे झाकले. २ लाख ८५ हजार मोजले आणि रोहिण्या लागल्या तसा रोटाव्हेटर जोडून रानात घातला. तिसऱ्या दिवशी दुपारी मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ दिसला. मिस्त्रीनं पेचकसानं रंग खरवडला, तर खाली मागच्या ओतीव कवचावर, म्हणजे हाऊसिंगवर, वीतभर वेल्डिंगची शिवण निघाली. "तीन हजार तासांत हाऊसिंग फुटत नसतंय," तो म्हणाला. "हा उसावर राबलाय. मीटर कधीचा बंद असंल." ३८ हजार रुपये गेले, पण त्याहून जास्त लागलं ते मृगाचा पहिला वाफसा हातचा गेल्याचं.

तीन वर्षांनी तो विकला. वेल्डिंग दाखवून विकला, म्हणून ४० हजार कमी आले. त्यानंतर घेतला तो २०११ चं मॉडेल, मीटरवर ५,८१२ तास. भावकीनं वेड्यात काढलं. तो आजही चालतोय. तीन हजारवाल्यानं रडवलं आणि जवळपास सहा हजारवाला सांभाळतोय, असं का झालं ते सांगण्यासाठी हा लेख आहे. पहिल्यांदाच जुना ट्रॅक्टर घ्यायला निघालेल्यांनी या क्रमानं जावं.

आधी घरी बसून हिशेब

आमच्या अहमदपूर भागात सध्या नांगरटीला एकरी २,००० च्या आसपास, रोटाव्हेटरला १,४०० आणि पेरणीला हजाराच्या घरात भाडं आहे. गावागणिक शे-दोनशे इकडंतिकडं. आठ एकरांचं रान धरू. एक नांगरट, दोन रोटाव्हेटर, एक पेरणी म्हणजे एकरी ५,८००, आठ एकरांचे ४६,४००. घरचा ट्रॅक्टर असला तरी एवढ्या कामाला एकरी १८ लिटर डिझेल जातं, म्हणजे १३ हजारांच्या वर. तेलपाणी, विमा, पंक्चर, बॅटरी मिळून वर्षाला १५ हजार धरा. हाती उरले १८ हजार. आता साडेतीन लाखांचा ट्रॅक्टर १२ टक्क्यांनी कर्ज काढून घेतला, तर पहिल्या वर्षीचं व्याजच ४२ हजार.

मग लोक घेतात कशाला? वाफशासाठी. काळ्या रानात पाऊस उघडला की दोन-तीन दिवसच माती हाताला बरोबर लागते. त्याच दोन दिवसांत अख्ख्या गावाला ट्रॅक्टर हवा असतो आणि भाड्याचा माणूस आधी मोठ्या पट्ट्यावर जातो. आपली पाळी येईपर्यंत एकतर रान सुकून ढेकळं होतात, नाहीतर पुन्हा पाऊस येतो. या नुकसानीची किंमत ज्याची त्यानं लावावी. माझं मत विचाराल तर दहा-बारा एकरांच्या आत, भाड्यानं मारायची तयारी नसताना, कर्ज काढून ट्रॅक्टर घेऊ नये. दोघा भावांनी मिळून घेतला तर चालतं, पण डिझेल कोण टाकणार आणि आधी कुणाचं रान, हे इसार देण्याआधी ठरवा.

ताकदीचं थोडक्यात : पाच फुटी रोटाव्हेटर आणि पेरणी एवढंच असेल तर ३५-४० एचपी पुरतो. भारी रानात पलटी नांगर ओढायचा असेल तर ४५ च्या खाली जाऊ नका. चढाला बैल कमी पडतो तसा इंजिनाचा जीव जातो.

मीटरचे तास म्हणजे काय

आमचे वडील हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल घ्यायचे. आधी बैलाचं तोंड उघडून दात बघायचे : आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. तेवढ्यावर ते थांबत नसत. मग खांदा दाबून बघत, खूर उचलत, चालवत, वळवत. दातावरून वय कळतं, बैल कुणाच्या दावणीला होता ते कळत नाही. ट्रॅक्टरचा मीटरही तेवढंच सांगतो, आणि तेही खरं सांगेलच असं नाही.

जुन्या ट्रॅक्टरचा मीटर केबलवर फिरतो. त्याचा तास घड्याळाचा नसतो. इंजिन ठरावीक फेऱ्यांवर चाललं तरच मीटरचा तास घड्याळाबरोबर भरतो. कमी फेऱ्यांवर मीटर सावकाश पळतो. आणि केबल तुटली की मीटर थांबतो, ट्रॅक्टर थांबत नाही. हजार तास मीटरविना चाललेले ट्रॅक्टर गावोगाव आहेत.

म्हणून मीटर वाचून झाला की साक्षीदार तपासा. क्लचच्या पायपट्टीचं रबर गुळगुळीत झालंय का? स्टिअरिंगवर हाताच्या जागा घासल्यात का? पीटीओच्या शाफ्टचे (रोटाव्हेटर फिरवणारा मागचा दांडा) दाते पूर्ण जाडीचे आहेत की झिजून निमुळते झालेत? अवजार जोडायच्या खालच्या दोन लिंकांचे गोळे हातानं हलवले तर खडखडतात का? ट्रॉली जोडायच्या ड्रॉबारचं भोक गोल आहे की लांबट? टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो. १२१९ असेल तर टायर २०१९ च्या बाराव्या आठवड्यातला. ट्रॅक्टर २०१४ चा, टायर २०१९ चे आणि मीटरवर २,००० तास, असं असेल तर विचारा की पहिले टायर एवढ्यात कुठं झिजले.

आता मुख्य गोष्ट. हजार तास पेरणी आणि कोळपणी केलेला ट्रॅक्टर आणि हजार तास दोन ट्रॉल्या ऊस ओढलेला ट्रॅक्टर, हे दोन वेगळे प्राणी आहेत. बीड, धाराशिव, लातूरकडचे कितीतरी ट्रॅक्टर दिवाळीनंतर कारखान्यांवर जातात, काही पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात. चार-पाच महिने रात्रंदिवस ओढ. चढाला पुढची चाकं उचलतात, क्लच जळतो, मागचं हाऊसिंग आणि ब्रेक सगळा भार खातात. उसावरचा ट्रॅक्टर ओळखायची माझी एक खूण आहे : छत आणि मडगार्ड बघा. स्पीकर आणि लायटिंग बसवायला पाडलेली स्क्रूची भोकं पुटिंगनं बुजवलेली दिसतील. कारखान्याच्या रस्त्यावर गाणी लावल्याशिवाय ट्रॅक्टर चालत नाही, हे आपल्याला माहीत आहेच. मागं हुकाजवळ जादा पट्ट्या वेल्डिंग केलेल्या असतील तर शंकाच नको.

उसावरचा घेऊच नये असं मी म्हणत नाही. पण त्याचे ३,००० तास घरच्या शेतीच्या ६,००० बरोबर धरा आणि भाव तसा करा.

कुठून आणि कधी

दसरा-दिवाळी आणि पाडवा-अक्षय तृतीयेला नवे ट्रॅक्टर उठतात, तेव्हा जुने एक्सचेंजमध्ये शोरूमच्या मागच्या पटांगणात येऊन पडतात. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की उसावरचे बाजारात येतात. मे महिन्यात सगळ्यांनाच पेरणीचं पडलेलं असतं, त्या वेळी भाव चढलेला असतो आणि घेणाऱ्याला घाई असते. मी पहिला त्याच महिन्यात घेतला होता.

मला विचाराल तर पटांगणातल्यापेक्षा शेतकऱ्याच्या दारातला बरा. तिथं मालक भेटतो, शेजारी भेटतात, आणि चहाच्या टपरीवर ट्रॅक्टरचं सगळं पुराण कळतं. मी दुसऱ्या वेळी गावात शिरलो तो आधी टपरीवरच बसलो. "ह्यो कामून विकायलाय?" एवढंच विचारलं. समजलं की पोरगा पुण्याला नोकरीला लागला, म्हातारा-म्हातारीला शेत बटईनं द्यायचंय. विकायचं कारण पटण्यासारखं असलं की अर्धी काळजी मिटते.

कंपनी कोणती, यावर गावात भांडणं होतात. मी एकच बघतो : तालुक्याच्या ठिकाणी पार्ट मिळतात का आणि हात लावणारा मिस्त्री आहे का. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला. ज्यांच्याकडं आहेत ते अजून कौतुकानं चालवतात, पण नवख्यानं त्या वाटेला जाऊ नये. आणखी एक : ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागले. त्यानंतरच्या मोठ्या ट्रॅक्टरांत इंजिनावर इलेक्ट्रॉनिक्स आलं, ते गावच्या मिस्त्रीच्या हातचं काम राहिलेलं नाही. जुन्या साध्या पंपाचा ट्रॅक्टर या बाबतीत नवख्याला सोपा.

सकाळी जा, थंड इंजिनावर हात ठेवा

फोनवर सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर आधी सायलेन्सरच्या मुळाशी हात लावा. गरम लागला तर चहा घ्या, गप्पा मारा आणि दुपारी परत या. गरम इंजिन सेल्फला लगेच घेतं. थंड इंजिन खरं बोलतं.

चालू करण्याआधी तीन झाकणं उघडा. पहिलं रेडिएटरचं. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर हेड किंवा गॅस्केटचं काम आहे. मग ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल काळं असलं तर चिंता नाही, डिझेल इंजिनात ते लगेच काळं होतं. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, आणि पातळ होऊन डिझेलचा वास येत असेल तर डिझेल फवारणाऱ्या नोजलकडं किंवा पंपाकडं बघावं लागेल. तिसरं झाकण बहुतेक जण उघडतच नाहीत, ते एअर क्लीनरचं. ऑइल बाथवाला (धूळ तेलात अडकवणारा) असेल तर खालची वाटी काढायला लावा. आपल्याकडं उन्हाळ्यात रोटाव्हेटरमागं धुळीचा ढग उठतो. इंजिन मरतं ते याच धुळीनं, तासांनी नव्हे. वाटीत दोन बोटं गाळ बसून तेल डांबरासारखं झालं असेल, तर मालकानं वर्षभर ती काढलेली नाही. तिथून इंजिनाकडं जाणारा रबरी पाइप दाबून बघा, चिरलाय का, पट्टी सैल आहे का. तिथून गेलेली धूळ गाळल्याशिवाय थेट लायनरवर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) जाते.

आता चालू करायला सांगा. धूर बघा. सुरुवातीला पांढरा येऊन मिनिटा-दोन मिनिटांत निवळला तर ठीक. पांढरा हटतच नसेल आणि रेडिएटरात बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा किंवा लायनर गेले. काळा धूर लोड आल्यावर येतो. नोजल, पंप किंवा चोंदलेला एअर क्लीनर, त्यातलं काहीही असू शकतं, आणि हे तिघांत सगळ्यात स्वस्त दुखणं आहे.

मग ऑइल भरायचं झाकण. हे मला मिस्त्रीमामांनी शिकवलं. ५,८०० तासांचा तो ट्रॅक्टर बघायला मी त्यांना मोटारसायकलवर मागं बसवून नेलं होतं. इंजिन दहा मिनिटं चालल्यावर त्यांनी झाकण काढलं, उलटं करून त्याच भोकावर नुसतं ठेवलं आणि बिडी पेटवली. झाकण थरथरत होतं, पण जागेवर होतं. मामांनी रेस वाढवायला सांगितली. थरथर वाढली, झाकण उडालं नाही. मग भोकावर तळहात धरला, काढला, मला दाखवला : थोडा ओलसर, तेलाचे शिंतोडे नाहीत. "कॉम्प्रेशन खाली उतरत नाही," ते म्हणाले, म्हणजे पिस्टनवरचा दाब गळून खाली ऑइलकडं येत नाही. "हजार-दीड हजार तास बिनघोर." माझ्या पहिल्या ट्रॅक्टरचं झाकण असं ठेवलं असतं तर टणकन उडून बॉनेटवर पडलं असतं.

मालक घरात गेला आणि शाळेची वही घेऊन आला. त्यात ऑइल बदलल्याची तारीख, मीटर, किती लिटर, सगळं. दर अडीचशे तासांना. मध्ये ४,१०० तासांवर इंजिन उघडल्याची नोंद, सोबत लेथवाल्याचं आणि लायनर-पिस्टनचं बिल. इथं बरेच लोक घाबरतात : "इंजिन काम झालेला नको." माझं उलटं आहे. बिलांसकट नीट बांधलेलं इंजिन मला न उघडलेल्या पण बेवारस इंजिनापेक्षा परवडतं. पूर्ण काम झालंय की नुसत्या रिंगा टाकून विकायला काढलाय, एवढं मात्र बिलांवरून तपासा. काम विकण्याच्या महिनाभर आधी झालं असेल तर ते कुणासाठी झालं हे उघड आहे.

रानात घाला

घराभोवती एक चक्कर मारून ट्रॅक्टर कळत नाही. डिझेलचे ५०० रुपये हातावर ठेवा आणि नांगर किंवा रोटाव्हेटर जोडून अर्धा तास रानात चालवायला मागा. जो मालक याला नाही म्हणतो, त्याला रामराम करा.

क्लच असा बघा : सपाट जागी, ब्रेक दाबून, वरच्या गिअरमध्ये हळूहळू क्लच सोडा. इंजिन दबून बंद पडायला हवं. बंद न पडता गुरगुरत राहिलं तर प्लेट घसरतेय. क्लच प्लेट बदलायला ट्रॅक्टर मधोमध उघडावा लागतो, म्हणून पार्टपेक्षा मजुरी आणि दिवस जास्त जातात. गिअर लोडवर असताना दांडी आपोआप निसटते का बघा. उतारावर रेस सोडल्यावर निसटली तरी तो गिअरबॉक्सचाच आजार.

लिफ्ट गरम तेलावरच तपासा. रोटाव्हेटर पूर्ण उचला, इंजिन बंद करा, घड्याळ बघा. दहा मिनिटांत थोडा खाली आला तर जुन्या ट्रॅक्टरला ते माफ. जमिनीला टेकला तर आतले सील, सिलिंडर किंवा वॉल्व्ह गेलाय. चालू असताना लिफ्ट सारखी उचक्या देत असेल तरी तेच. थंड तेलावर हा दोष लपतो, म्हणून विकणारे सकाळी सकाळी उचलून दाखवतात.

पीटीओ चालू करून कान द्या. बंद केल्यावर लगेच थांबतो का, तेही बघा.

अर्ध्या तासानं, इंजिन चांगलं तापल्यावर, रेस पूर्ण कमी करा आणि ऑइल प्रेशरचा काटा बघा. काटा तळाला बसला किंवा लाल दिवा लुकलुकला, तर क्रँक आणि बेअरिंगचं काम जवळ आलंय. काटाच चालत नसेल तर "तो तर पहिल्यापास्नंच बंद हाय" यावर विश्वास ठेवू नका. काटा मुद्दाम बंद केलेलाही असतो. शेवटी इंजिन बंद करून दोन मिनिटांत पुन्हा चालू करा. गरम इंजिन घ्यायला कुरकुरत असेल तर पंपाकडं बोट जातं.

लोखंड, रंग आणि टायर

वरून कीर्तन, आतून तमाशा, हे नव्या रंगाच्या जुन्या ट्रॅक्टरला चपखल बसतं. मातकट, तेलकट, रंग उडालेला ट्रॅक्टर दिसला तर मला बरं वाटतं. त्याच्यावर काही लपवलेलं नसतं. रंग दिलेला असेल तर टॉर्च घेऊन खाली झोपा. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं हाऊसिंग जिथं जुळतात ती प्रत्येक जोड बघा. बोल्टच्या माथ्यावरचा रंग तुटलेला असेल तर ती जागा उघडलेली आहे. विचारा, का उघडली. हाऊसिंगवर बोट फिरवा. ओतीव लोखंड खरबरीत लागतं. मध्येच गुळगुळीत किंवा मण्यामण्यांचं लागलं तर तिथं वेल्डिंग किंवा पुटिंग आहे.

पुढचा एक्सल जॅकवर उचला, चाक वर-खाली आणि आडवं हलवा. किंगपिनचे (चाक ज्यावर वळतं तो खिळा) बुश गेले असतील तर हाताला लगेच कळतं. हे फार महागाचं काम नाही, पण भाव करायला उपयोगी. स्टिअरिंग किती रिकामं फिरतं तेही बघा. तीन-चार बोटं फिरूनही चाक हललं नाही तर रस्त्यावर ट्रॉलीसकट तो ट्रॅक्टर धोक्याचा.

मागच्या टायरांची जोडी आता ४० हजारांच्या पुढं आहे, म्हणून टायर नुसते वरून बघू नका. नक्षी उंच दिसते, पण ती रिमोल्डची, म्हणजे जुन्या टायरवर नव्यानं चढवलेली, असू शकते. कडेला पट्टीचा जोड दिसतो. उन्हानं तडकलेल्या टायरच्या बाजू नांगराला टिकत नाहीत.

कागद

इथं मी कडक आहे. कागद अर्धवट असेल तर ट्रॅक्टर सोन्याचा असला तरी घेऊ नका.

आरसी हातात घ्या आणि चॅसिस व इंजिन नंबर ट्रॅक्टरवर स्वतः वाचा. गंज असेल तर घासा, वर कागद ठेवून पेन्सिल फिरवा, आकडे उमटतात. ही छाप आरटीओतही लागते. एम-परिवहन ॲपवर गाडी नंबर टाकून नोंदणी कधीपर्यंत आहे आणि फायनान्सचा बोजा आहे का ते बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय इसारापलीकडं एक रुपया देऊ नका. "हप्ते फिटलेत, फक्त कागद आणायचाय" हे वाक्य ऐकलं की समजा की हप्ते फिटलेले नाहीत.

नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. कायद्यानं राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. बिदर, कलबुर्गी, निजामाबाद, आदिलाबादकडून आणलेला असेल तर तिकडच्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी लागते. सीमेपलीकडचा ट्रॅक्टर स्वस्त दिसतो, पण हेलपाटे धरले की तो स्वस्त राहत नाही. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं फॉर्म २५ भरून तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. २०११ चं मॉडेल २०२६ मध्ये तिथं पोचतं, तेव्हा जुना घेताना हा खर्च कुणाचा ते आधी बोलून घ्या. ट्रॉली घेत असाल तर तिचे कागद वेगळे असतात, ते विसरू नका.

"राहू द्या माझ्याच नावावर, काय फरक पडतोय," असं चांगली माणसंही म्हणतात. फरक त्यांनाच पडतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या एका निकालात सांगितलंय की गाडी विकली तरी नोंद ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईला तोच मालक धरला जातो. मालकाला हे नीट समजावून सांगितलं की तो स्वतः आरटीओत यायला तयार होतो. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या.

सौदा ५०० च्या स्टँप पेपरवर लिहून घ्या. त्यात ताबा दिल्याची तारीख आणि वेळसुद्धा असू द्या. त्या वेळेआधीचा दंड किंवा केस कुणाची, हे तुम्हा दोघांत त्यावरून ठरतं.

भाव

बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव व्हायचे. ट्रॅक्टरचा भाव कागदावर करा. आधी तेवढ्याच एचपीच्या नव्या ट्रॅक्टरची आजची किंमत शोरूममधून विचारून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय. काही विकणारे अजून जुन्या किमतीचा हिशेब सांगतात, "नवा आठ लाखाला पडतोय" म्हणून. नवा स्वस्त झाला की जुनाही तेवढा उतरायला हवा.

मग चांगल्या अवस्थेतल्या तशाच ट्रॅक्टरचा भाव धरून येत्या दोन वर्षांत काय निघणार ते वजा करत जा. माझा अंदाज असा : इंजिनाचं पूर्ण काम ७० ते ९० हजार, क्लच २० ते २५, मागचे टायर ४५, पुढचे १०, लिफ्टचं काम १० ते १५, बॅटरी ७. आपल्या मिस्त्रीकडून आजचे आकडे घ्या. मामांना घेऊन गेलो तेव्हा मालकानं २ लाख ७५ हजार सांगितले होते. क्लच घसरत होता, मागचे टायर एक हंगामाचे उरले होते, पण इंजिन धड होतं. मी कागदावर दोनच ओळी लिहिल्या, क्लच आणि टायर, आणि कागद त्यांच्यापुढं सरकवला. इंजिनाला नावं ठेवली नाहीत. म्हातारे वाचून म्हणाले, "खोटं नाही लिहिलं तुम्ही." २ लाख १५ हजारांवर सौदा ठरला.

मिस्त्रीला त्या दिवसाची मजुरी द्या, ट्रॅक्टर घेतला नाही तरी द्या. तो विकणाऱ्याकडून दलाली घेणार नाही याची तीच खात्री.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, गिअरबॉक्स आणि लिफ्टचं तेल, डिझेलचे दोन्ही फिल्टर बदलून टाका, मालकानं कालच बदललंय म्हटलं तरी. एअर क्लीनरची वाटी धुवा. ग्रीसचे निप्पल एकेक करून मोजा, दोन-तीन चिखलाखाली बुजलेले सापडतातच. आणि वही घाला. आमच्या वहीत पहिली ओळ ५,८१२ ची आहे, शेवटची ८,३४०. त्यानंतर मागच्या श्रावणात मीटरची केबल तुटली. तेव्हापासून डिझेलच्या लिटरवरून अंदाजे तास मांडतोय आणि प्रत्येक ओळीपुढं कंसात 'अंदाजे' लिहितोय. केबल काही फार महाग नाही, पण अजून टाकलेली नाही.